खालची डावी दाढ

सोमवार, १३ जुलै २००९

रात्री अडीचला जाग आली ती दाढेने. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. गेले दोन महिने थंड पाणी लागलं की कळ यायची आणि जायची. मी लक्ष दिलं नाही. आज ती गेलीच नाही. कानापर्यंत ठणका, डोळ्यांतून पाणी.

कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या घेतल्या. मग एक लवंग दाढेखाली धरली. घराघरात लवंगांची पोती भरलेल्या बेटावर राहायचं आणि दाढदुखीला औषध नाही म्हणून रडायचं, हे काही शोभत नाही. अर्धा तास बरं वाटलं. आडवं झालं की ठणका दुप्पट होतो, म्हणून भिंतीला टेकून बसले आणि ही वही काढली.

ठरवलंय ते लिहूनच ठेवते, म्हणजे सकाळी पळवाट नको. गुरुवारी मोठी बोट आली की आंबोन शहराला जायचं, दाढ काढून घ्यायची, पुढच्या गुरुवारी परत. दवाखाना आठवडाभर बंद राहील. राहू दे. इथे येऊन बारा वर्षं झाली, सरकारने नेमलेली नर्स म्हणून एकदाही सलग आठवड्याची रजा घेतलेली नाही.

भीती वाटते का? नाही. नर्सिंगच्या शाळेत असताना दात काढणाऱ्या डॉक्टरांच्या बोटाला मी चावले होते हे खरं. पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते, आणि त्यांनी भूल नीट चढू दिली नव्हती.

मंगळवार, १४ जुलै

अफिना तपासणीला आली. अडतिसावा आठवडा. पोटावर हात ठेवल्याबरोबर कळलं, डोकं डाव्या कुशीत, ढुंगण उजव्या. बाळ आडवंच आहे. तीन आठवडे वाट पाहिली, फिरलं नाही. आता फिरेल असं मला वाटत नाही.

"अफिना, गुरुवारच्या बोटीने जा. तुझी नणंद आंबोनात आहे, तिच्याकडे राहा. कळा सुरू व्हायच्या आत हॉस्पिटलात पोचलेलं बरं. ऑपरेशन लागणार."

"नाही, ऊसी."

ती मला ऊसीच म्हणते. तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, रोसालिनालाही, तेच म्हणायची.

"बाळ आडवं आहे ग. आडव्या बाळाला बाहेर यायला वाट नसते."

"रोसालिना ऊसी इथून होडीत बसून गेली तेव्हा माझ्याशी बोलत होती. परत आली ती चादरीत. त्या हॉस्पिटलात मी पाय ठेवणार नाही. तुम्ही आहात ना इथे!"

"मी आहे, पण माझ्याकडे ऑपरेशनचं टेबल नाही."

"तुम्ही आहात तेवढं पुरे."

तिचा नवरा यॉपी दारात उभा होता. कोळी आहे, गावातलं सगळ्यात दमदार इंजिन त्याच्याच होडीला. त्याने नुसते हात वर केले. "मी सांगून सांगून थकलो, ऊसी. मला म्हणते, तूच जा आणि बाळंत हो."

अशा बाईला टाकून मी दात काढायला जाऊ? गुरुवारचं रद्द.

संध्याकाळी ओमा दोर्का आली. अफिनाची आई, पण सारं गाव तिला ओमा, म्हणजे आजी, म्हणतं. मी यायच्या आधी या बेटावरची सुईण हीच होती आणि मी आल्याचं तिला अजून पचलेलं नाही. आल्या आल्या हुकूम, "तोंड उघड."

उघडलं. टॉर्च मारून बघितलं तिने.

"अग, ही दाढ आहे की खेकड्याचं बीळ? गुरुवारी चालती हो."

"तुमच्या लेकीला सोडून?"

"माझ्या लेकीला मी बघते. तुझ्याआधी इथे पोरं काय झाडाला लागत होती?"

म्हणजे मी जावं आणि बाळंतपण तिच्या हाती यावं! आडवं बाळ ही म्हातारी तेल लावून फिरवायला बघेल. मी म्हटलं, "बघू." ती जाता जाता म्हणाली, "दुसऱ्यांच्या बायकांना बोटीत बसवताना तुझी जीभ कशी चुरुचुरु चालते. आज काय झालं तिला?"

बुधवार, १५ जुलै

लवंग. मीठ. गोळ्या. झोप नाही. दवाखान्याच्या कपाटातून अमॉक्सिसिलिन काढून सुरू केलं. रजिस्टरमध्ये माझ्या नावाने नोंद केली आहे.

गाल आरशात थोडा भरल्यासारखा दिसतो.

गुरुवार, १६ जुलै

बोट आली आणि गेली. मी धक्क्यावर उभी राहून औषधांचं खोकं उतरवून घेतलं. खलाशी म्हणाला, "काय ऊसी, गालात सुपारी धरलीय का?" मी हसले. हसताना कळ थेट डोळ्यात गेली.

चारही बाजूंनी विचार केला आहे. औषध सुरू आहे, दोन दिवसांत सूज उतरेल. उतरली नाही तर बघू. अफिनाचं बाळंतपण या आठ-दहा दिवसांत होणार. तोवर तिला दोन-तीनदा भेटून समजावीन. ती तयार झाली तर यॉपीच्या होडीने तिला नेता येईल, तेव्हा माझंही होईल. पूर्वेचा वारा जोरात आहे, पण यॉपीने याहून वाईट समुद्र पाहिलेला आहे. निर्णय बरोबर आहे.

त्याच रात्री

निर्णय बरोबर आहे असं लिहून तीन तास झाले. गाल दगडासारखा. एकटीच जागी आहे, तर खरं तरी लिहावं.

अफिना नसती तर आज मी बोटीत बसले असते का? नसते. औषधांचं खोकं उतरवून घ्यायचं आहे म्हटलं असतं, लसीकरण आहे म्हटलं असतं. मी त्या खुर्चीला घाबरते. एकोणचाळीस वर्षांची बाई, पाचशेच्या वर बाळंतपणं केलेली, आणि खुर्चीला घाबरते. झालं लिहून.

दुसरं लिहायला जास्त जड आहे. कुठेच लिहिलं नाही आजवर.

रोसालिनाला हॉस्पिटलने मारलं नाही. १९९८ साली मला इथे येऊन वर्ष झालं होतं. तिला रात्रभर कळा येत होत्या, पुढे सरकत नव्हतं. सकाळी सातला ओमा दोर्का म्हणाली, "हिला होडीत घाला." मी म्हणाले, "दुपारपर्यंत बघू. मी आहे ना." मला प्रमाणपत्र मिळालेलं होतं, ओमाला लिहितावाचताही येत नव्हतं. तिचं ऐकायचं म्हणजे मग मी कशाला आले, असं वाटलं. दुपारी दोनला रक्त सुरू झालं तेव्हा मी तिला होडीत घातलं. आंबोनला पोचेपर्यंत संपलंच होतं. ती आणि बाळही.

अफिना तेव्हा पंधराची. तिला वाटतं हॉस्पिटल वाईट. म्हणून ती जात नाही. मी अकरा वर्षं तिला तसं वाटू दिलं.

शुक्रवार, १७ जुलै, दुपार

ताप १०२. जबड्याखाली सूज. तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. दवाखान्यात चार जणांना तपासलं, पाचव्याला घरी पाठवलं.

अफिनाकडे जाऊन आले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. ती अंगणात मासे साफ करत बसली होती. "ऊसी, तुमचं तोंड केवढं झालंय! बसा, पेज करते." मी नुसतं पुन्हा "आंबोनला जा" एवढंच म्हटलं. ती हसली. "आधी तुम्ही जा, मग मी."

ओमाने ताडीच्या दारूची बाटली पाठवली, तोंडात धरायला. धरली. आग झाली, बाकी काही नाही.

शुक्रवार, रात्री बारा चाळीस

थुंकी गिळता येत नाही, वाटीत थुंकते आहे. जीभ वर उचलली गेली आहे, तिच्या खालचं सगळं लाकडासारखं टणक. आवाज निघतो तो माझा नाही. झोपून श्वास घेता येत नाही.

ही आता दाढदुखी राहिली नाही. पुस्तकात याच्याखाली मी स्वतः लाल रेघ मारली होती. ही सूज गळ्यात उतरली की श्वास बंद, मग तासांचाच हिशोब.

सकाळपर्यंत बघू, असं मनात आलं. तो आवाज मी ओळखते.

जाते. यॉपीला उठवते. बोलता येणार नाही, वही बरोबर घेते.

(याच्यापुढचं पान मी यॉपीच्या घरच्यांशी बोलायला वापरलं. फाडलं नाही, राहू दे.)

यॉपी होडी काढ. आंबोन. आत्ता.

सकाळी नाही. सकाळपर्यंत श्वास राहणार नाही.

ते पान वाचू नकोस

हो. खरं आहे.

माहीत नाही. सकाळी नेलं असतं तर कदाचित वाचली असती.

रविवार, १९ जुलै, आंबोन

हॉस्पिटलच्या खाटेवर बसून लिहिते आहे. मानेला पट्टी, हनुवटीखाली रबराची नळी. त्या रात्रीचं आत्ताच लिहिलं पाहिजे, नाहीतर मी ते सोयीचं करून टाकीन.

यॉपीच्या घरी दिवा लागला. ओमा दोर्का तिथेच होती, लेकीजवळ झोपायला आलेली. यॉपीला टॉर्चच्या उजेडात माझं अक्षर लागेना. अफिनाने वही त्याच्या हातातून घेतली. वाचलं आणि लगेच म्हणाली, "यॉपी, इंजिन बघ." तो धावत किनाऱ्याकडे गेला. वही तिच्या हातात उघडी होती. तिने मागचं पान उलटलं, आपलं नाव दिसलं म्हणून असेल. मी हात पुढे केला, तिने वही छातीशी धरली. मी वहीचा कोपरा ओढून लिहिलं, ते पान वाचू नकोस. ती वाचतच होती. गुरुवारच्या रात्रीचं सगळं.

मग मान वर करून म्हणाली, "हे खरं?"

मी लिहिलं.

"सकाळी नेलं असतं तर वाचली असती?"

तेही लिहिलं.

मी थुंकायला वाटीकडे वळले, कारण गिळता येत नव्हतं. इतकं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

मग ती आईकडे वळली. "आई, तुला ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं होतं ना तिला सकाळी. ठाऊक कसं नसेल?"

"अकरा वर्षं! मी हॉस्पिटलला शिव्या घालत होते, तू ऐकत होतीस. बोलली का नाहीस?"

ओमा म्हणाली, "बोलले असते तर गावाने हिला दुसऱ्या दिवशी बोटीत बसवलं असतं. मग? दुसरी नर्स कोण येणार होती इथे? पुढच्या बायकांनी काय करायचं? माझे हात तेव्हाच कापायला लागले होते. माझी एक गेली होती, दुसऱ्यांच्या लेकी घालवायच्या होत्या का मी?" मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि ही त्यानंतर कधी थांबली नाही. जरा शंका आली की बोट. बघतच होते मी. स्वतःच्या दाढेपाशीच तेवढी अडली."

बारा वर्षं मी या बाईला माझी वैरीण समजत होते.

अफिना उठली. कमरेवर हात धरून सावकाश आत गेली, बाळाचे कपडे बांधलेलं गाठोडं घेऊन आली. ते बांधून ठेवलेलंच होतं, मला ठाऊक नव्हतं.

"मी येते आहे."

यॉपी परत येऊन दारात उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आता? या लाटांत? चार दिवस बोंबलतोय मी!"

"चार दिवसांपूर्वी रोसालिना ऊसी कशाने गेली याचं कारण मला दुसरंच ठाऊक होतं," अफिना म्हणाली. माझ्याकडे न बघता.

ओमा म्हणाली ती गावातच राहणार. "दोघी जाताय, एक तरी इथे हवी." मी दवाखान्याची किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती पोलक्यात खोचली आणि माझं डोकं धरून स्वतःच्या कपाळाला टेकवलं. तिच्या अंगाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. मग ढकललं, "जा, निघ."

समुद्र खवळलेला होता. आडवं होता येत नव्हतं म्हणून यॉपीने मला मधल्या फळीला दोरीने बांधलं, बसलेलीच. अफिना माझ्यासमोर, ताडपत्री पांघरून. पहिले दोन तास ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला तरी कुठे बोलता येत होतं! लाट आली की पाणी डोक्यावरून जायचं, मी डबड्यात थुंकायची आणि नाकाने श्वास मोजायची. एक. दोन. आत. बाहेर. असं ठरवलं होतं की उजेड होईपर्यंत एकही श्वास चुकवायचा नाही.

मग तिने माझा हात ओढून घेतला आणि आपल्या पोटावर ठेवला. पोट दगडासारखं घट्ट झालं, मग सैल. मी मोजलं. अकरा मिनिटांनी परत. कळा सुरू झाल्या होत्या, आणि बाळ आडवं होतं.

मी मोकळ्या हाताने तिला डाव्या कुशीवर वळवलं, तिचं ढुंगण गाठोड्यावर उंच केलं, आणि एक बोट तिच्या तोंडासमोर हलवलं: जोर करायचा नाही. काहीही झालं तरी नाही. तिला कळलं. दर कळेला ती माझ्या मनगटाला नखं रुतवायची आणि कुत्र्यासारखी धापा टाकायची, मी दाखवलं तशी. अकरा मिनिटं, नऊ, नऊ, सात. यॉपी पाठीमागून ओरडून विचारत होता, "ठीक आहे का?" अफिना ओरडायची, "तू पुढे बघ!"

आंबोनचं तुलेहू बंदर दिसलं तेव्हा उजाडत होतं. तिला अडीच तासांत टेबलावर घेतलं. मला त्याच्याही आधी. दातांची डॉक्टर पोरगेलीशी, बारीक हातांची. तिने तीनदा विचारलं, "भूल चढली का?" मी तीनदा मान हलवली. चावले नाही. दाढ निघाली, मग गळ्याचे डॉक्टर आले आणि त्यांनी हनुवटीखाली चिरून जे काढलं ते मी बघायला मागितलं. वाडगाभर होतं.

अफिनाला मुलगी झाली. दोन किलो नऊशे.

मंगळवार, २१ जुलै

अफिना वॉर्डाच्या भिंतीला धरत धरत माझ्या खाटेपर्यंत आली. टाके ओढत असणार. मुलगी यॉपीच्या हातात. खाटेच्या कडेला टेकली. म्हणाली, "माझा राग गेलेला नाही."

मी म्हटलं, "नको जाऊ देऊस." तोंडातून निम्मंच आलं, पण तिला समजलं.

"जाईल की नाही, सांगता येत नाही."

"बरं."

"बाळाला दूध ओढता येत नाही नीट. बघता का?"

बघितलं. जीभ ठीक आहे, आईच तिला चुकीच्या कोनात धरत होती. धरून दाखवलं. लागली ओढायला.

शुक्रवार, ३१ जुलै, घरी

काल बोटीने परतलो, चौघंही, यॉपीची होडी मागे बांधून. आज दुपारी दवाखाना उघडला. ओमाने दोन आठवड्यांत एका पोराच्या बोटात रुतलेला गळ काढला होता, दोन तापवाल्यांना पॅरासिटामॉल दिलं होतं, आणि एका पोटदुखीवाल्याला पुढच्याच होडीने पाठवलं होतं. तो आंबोनात अपेंडिक्सच्या ऑपरेशनला पोचला. मी विचारलं कसं कळलं. म्हणाली, "तो चालताना वाकत होता. तू असतीस तर त्याला आडवा पाडून पुस्तक बघितलं असतंस."

सोमवारपासून पोटुशा बायकांच्या तपासणीला ती माझ्याशेजारी बसणार. तिने आधी नाही म्हटलं. मी म्हटलं, तुमच्याशिवाय मी तपासणार नाही. मग म्हणाली, खुर्ची नको, बुटकं स्टूल आण.

मग मी ते केलं ज्याच्यासाठी हॉस्पिटलात रात्री जागून मन घट्ट केलं होतं. मागच्या कपाटातून १९९८ ची बाळंतपणाची नोंदवही काढली. रोसालिनाचं पान उघडलं. माझंच कोरीव अक्षर. ओमासमोर बसून तिला ते वाचून दाखवलं: "सकाळी सात वाजता हॉस्पिटलात हलवण्याचा सल्ला दिला. कुटुंबाने दुपारी दोनपर्यंत उशीर केला."

ओमाला हे ठाऊक नव्हतं. तिला वाचता येत नाही, आणि हे पान कुणी कधी मागितलं नव्हतं.

"कुटुंब म्हणजे मी?" तिने विचारलं.

"हो."

तिने दाराकडे तोंड केलं. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. मला वाटलं ती उठून जाईल, आणि गेली असती तर मी तिला थांबवलं नसतं.

"खोड ते," ती म्हणाली.

मी दोन्ही ओळींवर रेघ मारली. खाली लिहिलं आणि लिहिताना मोठ्याने म्हणत गेले: "सकाळी सात वाजता दोर्का यांनी रुग्णाला हलवायला सांगितलं. मी, नर्स योकबेत, नकार दिला. दुपारी दोनला हलवलं. उशीर माझ्यामुळे झाला." सही केली. तारीख आजची घातली. उद्या याची प्रत जिल्ह्याच्या ऑफिसला पाठवायची आहे. मग ते जे करतील ते करतील.

वही मिटायला गेले तर ओमाने माझं मनगट धरलं. शाईची डबी स्वतःकडे ओढली, अंगठा बुडवला, आणि माझ्या सहीच्या शेजारी दाबून उठवला. मी सांगितलं नव्हतं.